पिशवी नको म्हटल्यावर लोकांची तोंडे का वाकडी होतात?

सांगलीच्या मंडईत ‘पिशवी नको’ असे म्हणणे हा आता ग्राहकाचा उद्धटपणा समजला जाऊ लागला आहे आणि या गोष्टीचा मला मनस्वी संताप येतो. घरून आणलेली कापडी पिशवी तोंड उघडून समोर धरलेली असते, तरीही दोन लिंबे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाव किलो मिरच्या दुसरीत, आल्याचा तुकडा तिसरीत आणि या तिन्ही पिशव्या मिळून चौथ्या पिशवीत, असा सगळा उपद्व्याप मी ‘अहो, नको’ म्हणेपर्यंत उरकलेला असतो. मग त्या काढून परत केल्या, की ‘राहू द्या की ताई, पिशवीचं पैसं घेत न्हाई मी’ असे उत्तर मिळते. पैशांचा विषय मी काढलेलाच नसतो. पण पिशवी नाकारणारे माणूस कंजूष तरी असले पाहिजे किंवा विक्षिप्त तरी, यापलीकडे तिसरी शक्यता कोणाच्या मनाला शिवतच नाही, आणि मागे ताटकळणारी गिऱ्हाइकेही त्याच नजरेने माझ्याकडे पाहत असतात.

वास्तविक ही पिशवी बाजारात असायलाच नको. राज्य सरकारने 23 मार्च 2018 रोजी बंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला 5 हजार, दुसऱ्याला 10 हजार आणि तिसऱ्याला 25 हजार रुपये दंड व तीन महिने कैद अशी तरतूद झाली. केंद्राच्या नियमांप्रमाणेही 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. इथे मात्र जी पिशवी सर्रास हातात पडते, तिच्यातून आतल्या मिरच्या मोजता येतात. कारवाईची मोहीम निघते तेव्हा हातगाडीवाला सापडतो आणि त्याला किलोच्या भावाने गठ्ठे पुरवणारा सुखरूप राहतो, हे खरेच आहे. परंतु ‘आधी कारखाने बंद करा, मग आम्हाला शिकवा’ हे वाक्य तावातावाने ऐकवणाऱ्याच्या हातातच पाच पिशव्या लोंबकळत असतात, तेव्हा माझे डोके फिरते. कारखाने बंद होतील तेव्हा होतील. तोवर स्कूटरच्या डिकीत एक कापडी पिशवी ठेवायला कोणाची परवानगी लागते?

आमच्या गावच्या भडंगाचेच घ्या. भडंग सादळू नये म्हणून ते हवाबंद पाकिटात भरावे लागते, एवढे मला मान्य आहे. तिथे कागदाच्या पुड्यांचा हट्ट धरणे मूर्खपणाचे ठरेल. पण त्या बंद पाकिटावर आणखी एक पिशवी कशासाठी? मिठाईच्या पेटीवर गुंडाळलेला चकचकीत पातळ कागद तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंद झालेल्या वस्तूंच्या यादीत नावानिशी आहे, तरी पाहुण्यांकडे न्यायची पेटी त्याच्याशिवाय ‘बरी दिसत नाही’. हे बरे दिसणेच आमच्या मुळावर आले आहे.

याचा कळस पाहायचा असेल, तर कोणाच्याही वास्तुशांतीला किंवा बारशाला जावे. दारातच पाण्याच्या इवल्याशा बाटल्यांची खोकी फोडून ठेवलेली असतात. माणूस दोन घोट पितो, बाटली खुर्चीखाली ठेवतो, ती आपली की शेजारच्याची हे विसरतो आणि जेवायला बसताना दुसरी उघडतो. पंगत उठेपर्यंत मांडवभर अर्ध्या भरलेल्या बाटल्या लोळत असतात. उन्हाळ्यात ज्या जिल्ह्याच्या पूर्व भागात, जत-आटपाडीकडे, टँकरची वाट पाहण्यात लोकांचे दिवस गेले, त्याच जिल्ह्यात हे पाणी बाटल्यांसकट कचऱ्यात जाते. त्याऐवजी थंड पाण्याचा जार आणि स्टीलचे पेले ठेवले, तर यजमानाची ऐपत नव्हती असा अर्थ काढला जातो. चहाला कागदी कप असले, की ‘आम्ही प्लॅस्टिक वापरत नाही हं’ असे अभिमानाने सांगतात. त्या कपाला आतून प्लॅस्टिकचाच पातळ थर असतो हे सांगायला जावे, तर समोरचा विषय बदलतो. अशा कपात 100 मिलिलीटर गरम पेय 15 मिनिटे राहिले, तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे 25 हजार सूक्ष्मकण उतरतात, असे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्येच दाखवून दिले आहे.

आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी सुचवले, की वर्गणीतून शंभर ताटे, वाट्या आणि पेले एकदाच विकत घ्यावेत, ते तळमजल्यावरच्या खोलीत ठेवावेत आणि ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यावेत. यावर पहिला प्रश्न आला, ‘पण वहिनी, घासणार कोण?’ जणू इतकी वर्षे सांगलीत पंगती उठल्याच नव्हत्या! फेकायच्या ताटल्या, कप आणि बाटल्या यांवर जो पैसा उधळतो, तो भांडी घासणाऱ्या बाईंना रीतसर मजुरी म्हणून द्यावा, एवढे साधे गणित होते. ते कोणी खोडून काढले नाही. ‘पुढच्या बैठकीत पाहू’ असे ठरले आणि चहा आला, अर्थातच कागदी कपांतून. तीच गत दुधाच्या पिशव्यांची. त्या धुऊन, वाळवून साठवल्या तर भंगारवाला घेतो. तरी त्या खरकट्यात कोंबून घंटागाडीत फेकल्या जातात, त्यामुळे ओला कचराही खताच्या कामाचा राहत नाही आणि पिशवीही वाया जाते. कात्रीने उडवलेला पिशवीचा कोपरा तर कोणाच्याच हाती लागत नाही. तो पिशवीला तसाच चिकटून राहील इतपतच चीर द्यावी, हेसुद्धा लोकांना अवघड वाटते.

कृष्णेचा महापूर प्लॅस्टिकमुळे येतो असे मी म्हणणार नाही. तो पाऊस, धरणांचे विसर्ग आणि नदीपात्रातली अतिक्रमणे यांचा विषय आहे आणि उगाच भलत्या गोष्टीला दोष देणाऱ्यांचाही मला राग येतो. पण 2005, 2019 आणि 2021 असे तीन पूर पाहिलेल्या गावाने पाणी उतरल्यानंतर काठच्या झाडांवर काय लटकत होते, हे विसरू नये. साध्या वळवाच्या सरीने गल्लीत गुडघाभर पाणी साचते, तेव्हा गटाराच्या तोंडाशी अडकलेला लगदा काढून पाहावा. ‘महापालिका झोपली आहे’ असे ओरडणाऱ्यांनी तर तो जरूर पाहावा, कारण त्यातल्या पिशव्या महापालिकेने आणलेल्या नसतात.

आणि आता संक्रांतीचे हळदीकुंकू. कधीकाळी वाण म्हणून ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, फार तर एखादी पितळी पळी मिळत असे. आता घाऊक बाजारातून डझनाच्या भावाने आणलेले प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या आणि झाकणे न बसणाऱ्या बरण्या वाटल्या जातात. वाण घेणारी घरी आल्यावर ते सगळे माळ्यावर टाकते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी तेच वाण म्हणून देते. द्यायला दुसरे काही सुचत नसेल, तर जुन्या साडीची शिवलेली पिशवी द्यावी, शिवणाऱ्या बायका प्रत्येक पेठेत आहेत. नाहीतर तिळगूळ द्यावा आणि मोकळे व्हावे. मी माझ्या भिशीतल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवले आहे, की येत्या संक्रांतीला ज्या घरी मला प्लॅस्टिकचा डबा मिळेल, त्या घरच्या टीपॉयवर तो तसाच ठेवून मी कुंकू लावून परत येणार आहे, मग कोणी वर्षभर रुसून बसले तरी चालेल.