नवी आवृत्ती काढावी, पण आपल्या सोयीने

तुम्ही इंदुरात राहता. दिवसा विजयनगरात कुणाची तरी नोकरी करता आणि रात्री जेवणं आटोपली की पंचांगाचं गणित करणारी एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रामात फुकट वापरायचं कोड, सांभाळता. तारीख दिली की ती तिथी सांगते, तिथी दिली की तारीख. करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण केलीत. आता ती पायपीआय या पायथनच्या पॅकेजांच्या भांडारात आहे आणि लोक ती वापरतात. लोक वापरतात म्हणजे नव्या आवृत्त्या काढणं आलं. त्याबद्दल थोडं ऐकून घ्या. मूळ तत्त्व एकच: रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, ही काढणाऱ्याच्या सोयीसाठी असते. वापरणाऱ्यांनी पैसे दिलेत का? नाही ना? मग झालं तर.

आधी आकड्याचं बघू. सिमँटिक व्हर्जनिंग नावाचा एक नियम पुष्कळांनी मानलाय. तीन आकडे, मधे टिंबं. जुनं काही मोडलं तर पहिला आकडा वाढवायचा, न मोडता नवं घातलं तर दुसरा, नुसती चूक सुधारली तर तिसरा. वाचायला सोपा, पाळायला जाच. पण नियम करणाऱ्यांनी त्यातच एक खिडकी उघडी ठेवली आहे: पहिला आकडा शून्य असेतोवर केव्हाही काहीही बदलू शकतं. तुम्ही जन्मभर शून्यातच मुक्काम करा. ०.९ नंतर ०.१०, मग ०.११. कितीही लोकांचं काम तुमच्यावर चालत असो, चेहरा असा ठेवा की अजून प्रयोगच चाललाय. १.० कधी, असं कुणी विचारलंच तर "एपीआय (म्हणजे लायब्ररीला हाका मारायची पद्धत) अजून स्थिर नाही" म्हणावं. ते खोटं नसतंच, कारण ती अस्थिर ठेवणं तुमच्याच हातात आहे.

फारच आग्रह झाला तर कारण नसताना मोठी उडी घ्या. २०११ साली लिनक्स कर्नल २.६.३९ वरून थेट ३.० झाला, तेव्हा त्याचे कर्ते लिनस टोर्वाल्ड्स यांनी उघड सांगितलं होतं की आत मोठं असं काही बदललेलं नाही. त्यांच्याकडून तेवढंच घ्या. वापरणाऱ्यांचे चालते प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा त्यांचा दुसरा हट्ट त्यांनाच लखलाभ. डोनाल्ड क्नुथ यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. त्यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामची आवृत्ती दर दुरुस्तीला पायचा एकेक अंक पुढे सरकते. २०२१ साली ती ३.१४१५९२६५३ वर पोचली. लोकांनी कळवलेल्या चुका हा गृहस्थ काही वर्षांनी एकदा बसून तपासतो आणि मग एक अंक वाढवतो. असल्या माणसांमुळेच तुमच्या-आमच्याकडून भलत्या अपेक्षा केल्या जातात.

आता मोडतोडीकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. इंदुरात एकाच वाड्यात दोन पंचांगं नांदतात. मराठी घरातला महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या माळवी घरातला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात भांडण नाही. पाडवा, गणेश चतुर्थी, दसरा सगळ्यांचे एकाच महिन्यात. वद्य पक्षात मात्र महिन्याचं नाव फिरतं. आपली रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीची, शेजारी तीच चैत्र कृष्ण पंचमीची. राजवाड्यावरची गेरची मिरवणूक तीच, टँकरमधून उडणारा रंग तोच, भिजणारी माणसंही तीच. तुमच्या लायब्ररीने हे सगळं नीट ओळखलेलं आहे: अमान्त आणि पूर्णिमान्त असे दोन पर्याय, आणि न सांगितल्यास अमान्त.

एका रात्री तुमच्या मनात येतं की उत्तरेकडून प्रश्न फार येतात, तर डिफॉल्ट पूर्णिमान्त करून टाकावा. बदल केवढा? एका ओळीचा. एका ओळीसाठी पहिला आकडा वाढवणारा माणूस मला तरी कुठे भेटलेला नाही. तिसरा वाढवा, पॅच म्हणा. कोड आपोआप तपासणाऱ्या दहा-बारा टेस्ट लाल होतील. त्यांतली अपेक्षित उत्तरं बदलली की त्या पुन्हा हिरव्या होतात. टेस्टइतकं समजूतदार कुणी नसतं.

मग लोकमान्य नगरात काय होतं ते बघा. एका भल्या मुलाने तुमच्या लायब्ररीवर घरातल्या श्राद्धांची आठवण करून देणारं ॲप बांधलंय. आजी सवाष्ण गेली, म्हणून तिचं अविधवा नवमीला, म्हणजे भाद्रपद वद्य नवमीला. ॲपने तुमच्या लायब्ररीला विचारलं, तुमच्या नव्या पॅचने पूर्णिमान्त भाद्रपदातली कृष्ण नवमी काढून दिली. ती आपल्याकडे श्रावण वद्य नवमी पडते. म्हणजे गोपाळकाला. शहर दहीहंडीच्या तयारीत आणि ॲप सांगतंय की गुरुजींना बोलवा, खीर-वडे करा. मोठे काका त्या मुलाला फोन करतात.

"अरे, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आजीचं श्राद्ध? अजून गणपती बसायचेत!"

"काका, मी काहीच केलं नाही. रात्री आपोआप अपडेट झालं."

"मग अपडेटलाच म्हणावं, सोवळं नेसून पाटावर बस."

मुलगा तुमच्याकडे इश्यू, म्हणजे तक्रार, टाकेल. त्यावर "अपेक्षित वर्तन" असं लेबल लावून तो बंद करावा आणि "हे डॉक्युमेंटेशनमध्ये दिलेलं आहे" असं नम्रपणे लिहावं. लिहिण्याआधी ते डॉक्युमेंटेशनमध्ये घालायला विसरू नका. (आता खरं सांगायचं तर त्या मुलानेही आवृत्ती बांधून ठेवली नव्हती, जी ताजी येईल ती घे म्हणून मोकळा झाला होता. तुम्ही दोघं एकमेकांना शोभता.)

कुणी पुस्तकी सल्ला देईल की डिफॉल्ट बदलायचा तर आधी दोन आवृत्त्या इशारा द्यावा, पर्याय न सांगणाऱ्याला सूचना दाखवावी, मग मेजर रिलीजमध्ये बदलावा. तो मार्ग कुठे जातो ते पायथनवाल्यांना विचारा. ३.० निघालं डिसेंबर २००८ मध्ये. पायथन २ आधी २०१५ला बंद करायचं ठरलं, मग मुदत वाढवली, शेवटी १ जानेवारी २०२० रोजी त्याचा आधार सुटला. अकरा वर्षं लोकांना सांगत राहिले, आणि तरी शेवटच्या दिवशी "एवढ्या घाईत?" म्हणणारे निघालेच. अकरा वर्षं सांगूनही शिव्याच खायच्या तर न सांगता खाव्यात, वेळ वाचतो.

चेंजलॉगबद्दल, म्हणजे बदलांच्या यादीबद्दल, फार बोलण्यासारखं नाही. "किरकोळ सुधारणा व दुरुस्त्या" ही ओळ एकदा लिहून ठेवा, जन्मभर पुरते.

वार शुक्रवार. वेळ रात्री दहानंतरची, म्हणजे सराफ्यातल्या सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटरं खाली येऊन खाण्याची दुकानं लागतात तेव्हाची. घरून निघताना रिलीजची आज्ञा द्यावी आणि लॅपटॉप मिटावा. काही बिघडलं तर अमेरिकेतल्या लोकांची शुक्रवार सकाळ असते, ते जागे असतात, बघतील. तुमच्या एका हातात भुट्ट्याचा कीस, दुसऱ्यात द्रोण. फोन उचलायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. रिलीज कँडिडेट, म्हणजे आधी तपासायला दिलेली आवृत्ती, वगैरे काढून आठवडाभर वाट पाहण्याची तर कल्पनाच करू नका. कँडिडेट कुणी तपासत नाही, सगळे खऱ्या आवृत्तीची वाट बघतात आणि मग ती तपासतात. या एका बाबतीत मात्र मी उपरोधाने बोलत नाहीये, हे असंच आहे.

पॅकेज स्वतःच्या लॅपटॉपवर बांधावं. सीआयवर, म्हणजे आपोआप बांधणी-तपासणी करणाऱ्या सर्व्हरवर, बांधलं तर कुणालाही नोंदी उघडून दिसतं की कोडातल्या कुठल्या टॅगवरून, म्हणजे आवृत्तीच्या खुणेवरून, काय तयार झालं, आणि एवढी उघडी पारदर्शकता संसारी माणसाला परवडत नाही. लॅपटॉपवरच्या पॅकेजात अर्धवट प्रयोग, जुनी कॉन्फिग फाईल, एखाद्या वेळी पासवर्डही आपसूक जातो. रिपॉझिटरीतल्या उघड्या कोडात एक आणि पॅकेजात दुसरंच असलं तर कोण बघतं? फाईली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत नेमकं तसंच होतं. घात सुरू करणारी बिल्डची, म्हणजे बांधणीची, फाईल फक्त टारबॉलात, म्हणजे वाटायच्या गठ्ठ्यात होती, गिटमधल्या उघड्या कोडात नव्हती. मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएचने दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने खणत खणत मागचं दार शोधून काढलं. ज्याला अर्धा सेकंद खटकतो अशा माणसाला तुमच्या लायब्ररीपासून लांबच ठेवा.

चुकीची आवृत्ती गेलीच तर? हात चोळत बसू नका, सरळ पुसून टाका. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या भांडारातलं लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड बंद पडले. काही तासांत एनपीएमला ते स्वतः परत ठेवावं लागलं. अकरा ओळींना एवढा मान मिळतो, तर तुमच्या पंचांगाला किती मिळेल! मात्र पुसल्यावर तोच आकडा लावून दुरुस्त फाईल गुपचूप चढवायची सोय या मंडळींनी ठेवलेली नाही. पायपीआय त्याच नावाची फाईल पुन्हा घेत नाही. उलट "यँक" नावाचा मिळमिळीत मार्ग देतं: आवृत्ती जागेवर राहते, ज्यांनी तोच आकडा मागितलाय त्यांना मिळते, नव्याने येणाऱ्यांना टाळते. यात कुणाचंच घर पडत नाही, म्हणून आपल्याला काही उपयोग नाही. त्यापेक्षा गिटचा टॅग जुन्या कमिटवरून उचलून नव्यावर ठेवा. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या एका फार वापरातल्या ॲक्शनचे (आपोआप कामं करणाऱ्या स्क्रिप्टचे) टॅग चोरट्यांनी असेच सरकवले होते, त्यामुळे पद्धत चालते हे सिद्ध झालेलं आहे.

सुरक्षेची दुरुस्ती असेल तर एकदाच काढून विषय संपवायचा मोह होतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीवाल्यांनी एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी रांग लावली. ती काढणारे बरेचसे आपापली नोकरी सांभाळून हे करणारे स्वयंसेवक होते, आणि शिव्यांना तोटा नव्हता. त्यानंतरच्या महिन्यात कर्ल या नेटवरून फाईली आणणाऱ्या प्रोग्रामच्या कर्त्याला एका बड्या कंपनीचं पत्र आलं: लॉग४जेबद्दलच्या आमच्या प्रश्नांची उत्तरं चोवीस तासांत द्या. कर्लमध्ये लॉग४जे नव्हतंच. त्याने उत्तर दिलं की आधी सपोर्टचा करार करू, मग सांगतो. तुम्ही असं काही करू नका. रात्र जागून फुकटात उत्तर लिहा आणि सकाळी आईला सांगा की कंपनीचं पत्र आलं होतं.

एवढं करून तुम्ही दमाल. ते नैसर्गिक आहे. एक्सझेड सांभाळणारा मूळ मेंटेनरही दमला होता, आणि आवृत्त्या उशिरा येतात म्हणून काही अनोळखी खाती त्याला टोचत होती. त्याच सुमारास एक शांत, कामसू, कधी वाद न घालणारा हात पुढे आला. वर्षभराहून जास्त त्याने निमूट काम केलं, मग रिलीजचे हक्क त्याच्याकडे गेले, आणि पुढे ते मागचं दार बसवलं ते त्याच हाताने. तुमच्याकडेही असा कुणीतरी येईल. नाव नीटनेटकं, कमिट स्वच्छ, फोटो नाही, व्हिडिओ कॉलला कॅमेरा बिघडलेला. सराफ्यात रबडी पुढ्यात असताना त्याचा मेसेज येईल की एवढा ताण घेऊ नका, पुढची आवृत्ती मी काढतो, फक्त पायपीआयचे हक्क द्या. लगेच देऊ नका हं, परीक्षा घ्या. विचारा, डिफॉल्ट काय ठेवशील, अमान्त की पूर्णिमान्त?

"तुम्हाला सोयीचं असेल ते," असं तो म्हणाला, की रबडीचा चमचा खाली ठेवून हक्क देऊन टाका.