‘मूळ’ म्हणून जे आठवतं, ते खरंच मूळ होतं का?

मुलांच्या जुन्या साहसकथांबद्दल एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: आपल्या लहानपणी एनिड ब्लायटन आणि रोआल्ड डाल या लेखकांची, तसंच हार्डी बॉइज आणि टिनटिन या मालिकांची पुस्तकं लिहिली तशीच्या तशी मिळायची. गेल्या काही वर्षांत राजकीय दबावाखाली प्रकाशकांनी त्यांना कात्री लावली. मूळ पुस्तकं बाजारातून गेली. आणि लेखक हयात असते तर त्यांनी हे खपवून घेतलं नसतं.

यामागची कळकळ खरी आहे. २०२३ मध्ये कुणाला खटकू नये म्हणून प्रकाशकाने डाल यांच्या पुस्तकांतले शब्द आणि वाक्यं बदलली, ते वाईटच होतं. पण दाव्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा तपशिलात चुकतो, आणि त्यामुळे राग भलत्याच ठिकाणी निघतो.

“पूर्वी पुस्तकं जशीच्या तशी मिळायची”

नाही मिळायची. सगळ्यात मोठी कापाकापी १९५९ साली अमेरिकेत सुरू झाली. हार्डी बॉइज आणि नॅन्सी ड्रू या किशोरवयीन गुप्तहेरांच्या मालिका स्ट्रॅटमायर सिंडिकेट ही कंपनी पडद्याआडच्या लेखकांकडून लिहून घ्यायची. मुखपृष्ठावर फ्रँकलिन डिक्सन हे नाव असलं, तरी हार्डी बॉइजची सुरुवातीची बरीच पुस्तकं लेस्ली मॅकफर्लेन यांची. १९५९ पासून सिंडिकेटच्या प्रमुख हॅरिएट ॲडम्स यांच्या देखरेखीखाली या मालिकेतली पहिली ३८ पुस्तकं बदलण्यात आली, आणि ते काम १९७३ पर्यंत चाललं. नॅन्सी ड्रूच्या पहिल्या ३४ पुस्तकांवरही तीच प्रक्रिया झाली. साधारण २५ प्रकरणांचं पुस्तक २० प्रकरणांवर आलं, दोनशेच्या वरची पानं १८० च्या आसपास आली. वंशभेदी चित्रण काढणं हा एक हेतू होता, छपाईचा खर्च वाचवणं हा दुसरा.

यात गेलं काय? मॅकफर्लेन यांनी हार्डी बंधूंच्या बेपोर्ट गावातल्या पोलिसांची यथेच्छ टिंगल केली होती, ती गेली. पोलीस एकदम कर्तबगार झाले. रमतगमत चालणारी वर्णनं गेली, वाक्यं आखूड झाली. काही ठिकाणी तर शीर्षक तेवढं उरलं: ‘द फ्लिकरिंग टॉर्च मिस्ट्री’ या नावाची १९४३ ची आणि १९७१ ची अशी दोन पुस्तकं आहेत, आणि त्यांची कथानकं वेगळी आहेत. म्हणजे १९८० च्या दशकात ज्यांनी ही मालिका नवी कोरी विकत घेऊन वाचली, त्यांच्या आठवणीतलं ‘मूळ’ हे कापलेलंच पुस्तक आहे. त्या आठवणीचा गोडवा त्यामुळे कमी होत नाही, पण तिच्या आधारावर ‘तेव्हा कुणी हात लावत नव्हतं’ असं म्हणता येत नाही.

“हे सगळे बदल राजकीय आहेत”

टिनटिनचं ‘द ब्लॅक आयलंड’ घ्या. १९३७-३८ मध्ये क्रमशः आलेली ही गोष्ट ब्रिटनमध्ये घडते. ब्रिटिश प्रकाशक मेथ्युएनने ती छापायला घेतली तेव्हा चित्रांतल्या तब्बल १३१ चुकांची यादी टिनटिनचे जनक हेर्जे यांच्याकडे पाठवली. त्यांचे सहकारी बॉब द मूर प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये जाऊन रेखाटनं करून आले, आणि १९६६ मध्ये अख्खं पुस्तक नव्यानं काढलेल्या चित्रांसह आलं. आज बहुतेकांना तेच माहीत आहे.

दुसरं कारण निव्वळ नाण्यांचं. १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनने दशमान चलन आणलं. पौंडाचे आधी २४० पेन्स होत, आता १०० झाले. मग ब्लायटन यांच्या पुनर्मुद्रणांत शिलिंगांच्या जागी नवे पेन्स येऊ लागले. असं काम कुठे फसतं ते पाहा. अर्धा क्राउन हे जुनं नाणं म्हणजे अडीच शिलिंग; एका शिलिंगाचे पाच नवे पेन्स, म्हणजे काटेकोर हिशेबाने साडेबारा नवे पेन्स. गोष्टीतल्या मुलाच्या हातावर कुणी साडेबारा पेन्स ठेवत नाही, म्हणून संपादक आकडा गोल करतो. आकडा गोल केला की पुढची आइस्क्रीमची किंमत आणि उरलेली मोड जुळत नाही. ती जुळवली की १९४० च्या दशकातल्या खेड्यात १९७० नंतरचे भाव येतात, आणि तिथली माणसं मात्र अजून तार पाठवत असतात. एक धागा ओढला की सगळं कापड ओढावं लागतं, आणि तेवढं काम कुणी करत नाही.

ब्लायटन यांच्या ‘फेमस फाइव्ह’ मालिकेचं हेच झालं. १९४२ ते १९६३ या काळातल्या २१ पुस्तकांची भाषा २०१० मध्ये हॉडर या प्रकाशकाने ‘आजच्या’ मुलांसाठी बदलली: ‘मदर-फादर’चं ‘मम-डॅड’, ‘हाउसमिस्ट्रेस’ची ‘टीचर’. यातल्या बहुतेक बदलांना नैतिक कारण नव्हतंच, फक्त मुलांना कळणार नाही ही भीती होती. परिणामी मुलं बोलू लागली एका काळातलं आणि राहू लागली दुसऱ्याच काळात. २०१६ मध्ये हॉडरने हे बदल मागे घेतले. वाचकांनी नाकारलेला बदल परत फिरतो याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही, पण फिरणाऱ्या मजकुरात त्याचा उल्लेखच नसतो.

“मूळच द्या, त्यात वावगं काहीच नव्हतं”

होतं. नॅन्सी ड्रूच्या १९३० च्या पहिल्या पुस्तकात जेफ टकर हा कृष्णवर्णीय रखवालदार दारुडा दाखवला आहे आणि त्याची बोली हास्यास्पद केली आहे. ‘टिनटिन इन द काँगो’मध्ये टिनटिन आफ्रिकी मुलांना ‘तुमचा देश बेल्जियम’ असा धडा देत होता. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत हेर्जे यांनी तिथे गणिताची बेरीज घातली. हे वाचून काही बिघडत नाही असं तेच म्हणू शकतात, ज्यांच्यासारखं कुणी त्या पानावर हसण्यासाठी ठेवलेलं नसतं.

मात्र दुरुस्तीही किती आंधळी असू शकते ते टकरच्याच बाबतीत दिसतं. १९५९ च्या आवृत्तीत तो गोरा झाला. अपमान गेला, आणि त्याच्याबरोबर पुस्तकातला कृष्णवर्णीय माणूसही गेला. त्याला शहाणा, सरळ बोलणारा रखवालदार करणं शक्य होतं. या मालिकांबद्दल रागवायचंच असेल तर यावर रागवावं.

“लेखकांना हे कधीच चाललं नसतं”

डाल यांनी स्वतःच हे केलं आहे. १९६४ च्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’त कारखान्यातले बुटके कामगार, म्हणजे उम्पा-लुम्पा, हे आफ्रिकेतून आणलेले पिग्मी होते. टीका झाल्यावर १९७३ च्या आवृत्तीत डाल यांनी त्यांचं मूळ आणि रूप दोन्ही बदललं. म्हणजे ‘मूळ चार्ली’ म्हणून आठवतो तो बहुतेकांसाठी दुसरा चार्ली आहे.

तरीही लेखकाने हयातीत केलेला बदल म्हणजे नंतरच्या लोकांना दिलेला परवाना नव्हे. डाल यांच्याच ‘द विचेस’मधली २०२३ ची एक दुरुस्ती जवळून पाहा. चेटकिणी टक्कल झाकायला विग आणि नखं झाकायला हातमोजे घालतात, असं आजी नातवाला सांगते. नातू म्हणतो, मग हातमोजे घातलेल्या प्रत्येक बाईचे केस ओढून बघावे लागतील. मूळ पुस्तकात आजी त्याला बजावते की भेटेल त्या बाईचे केस ओढता येत नाहीत, करून बघ म्हणजे कळेल. नव्या आवृत्तीत ती सांगते की बायका विग घालतात त्याला इतरही कारणं असतात आणि त्यात गैर काही नाही. सांगितलं ते खरंच आहे. पण मूळ उत्तरात गोष्टीतली सगळी भीती होती: समोरची बाई चेटकीण आहे का, हे तपासायचा मार्गच नाही. तो अडसर काढून तिथे सूचना बसवली. आजी नातवाशी बोलायची थांबली आणि वाचणाऱ्याच्या पालकांशी बोलू लागली.

“मूळ आता मिळतच नाही”

मिळतं. गदारोळानंतर २०२३ मध्येच पेंग्विनने डाल यांची १७ पुस्तकं जुन्या मजकुरासह वेगळ्या संचात काढायचं जाहीर केलं. ॲपलवुड बुक्सने १९९१ पासून हार्डी बॉइज आणि नॅन्सी ड्रूच्या जुन्या आवृत्त्या हुबेहूब छापल्या. हार्डी बॉइजच्या १९२७ च्या पहिल्या तीन पुस्तकांचा मूळ मजकूर अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून हक्कमुक्त आहे.

काळजी करण्यासारखी जागा वेगळी आहे. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात: ब्लायटन (मृत्यू १९६८) २०३८ च्या अखेरपर्यंत, डाल (मृत्यू १९९०) २०६० च्या अखेरपर्यंत. तोवर जुना मजकूर छापायचा की नाही हे हक्कधारकच ठरवणार. आणि विकत घेतलेल्या ई-पुस्तकांतला डाल यांचा मजकूर परस्पर बदलल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यावरचा आक्षेप पूर्ण रास्त आहे. बदल करायचाच तर तो उघड करावा. ‘डॉक्टर डूलिटल’ची १९८८ ची अमेरिकी आवृत्ती सुधारली तेव्हा लेखकाचा मुलगा ख्रिस्तोफर लॉफ्टिंग यांनी पुस्तकाच्या शेवटी त्याची कारणं लिहिली. मागणी करायची तर याची करावी.

आपल्या हातातली प्रत कोणती, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. हार्डी बॉइजची अनुक्रमणिका उघडा: २० प्रकरणं असतील तर बहुधा सुधारित. नॅन्सी १६ वर्षांची असेल आणि तिची गाडी ‘रोडस्टर’ म्हटलेली असेल तर जुनी. १८ ची असेल आणि गाडी ‘कन्व्हर्टिबल’ असेल तर नवी. ब्लायटन यांच्या जादूच्या झाडाच्या गोष्टींत मुलीचं नाव फॅनी असेल तर जुना मजकूर, फ्रॅनी असेल तर बदललेला. ‘जेम्स अँड द जायंट पीच’मध्ये ‘क्लाउड-मेन’ जुने, ‘क्लाउड-पीपल’ २०२३ चे. जुनी प्रत ऑनलाइन घेताना मुखपृष्ठाच्या फोटोवर विसंबू नका, कारण तो दुसऱ्याच आवृत्तीचा असू शकतो. विक्रेत्याकडून कॉपीराइटच्या पानाचा आणि अनुक्रमणिकेचा फोटो मागून घ्या. त्या पानावर पहिल्या प्रकाशनाच्या वर्षाशिवाय आणखी एखादं वर्ष दिसलं, तर ते फक्त पुनर्मुद्रणाचं आहे की बदललेल्या मजकुराचं, हे पैसे देण्याआधी विचारा.