संथ गाणं म्हणजे सोपं गाणं नव्हे

नवशिक्यानं क्लॅरिनेटवर संथ लयीची पॉप गाणी घ्यावीत, असं एका लेखात म्हटलंय. पण अडतं ते लयीत नाही, गाण्याच्या आवाक्यात, म्हणजे ते किती खाली-वर जातं त्यात. मी बेळगावात शहापूरला राहतो, पुतणी वर्षभर शिकतेय. तिला पहिल्याच महिन्यात एक संथ हिंदी प्रेमगीत दिलं होतं. मुखडा झकास, अंतऱ्याला वर गेली की नुसती किंचाळी!

कारण साधं आहे. खालच्या भागातला अगदी वरचा ए (ए, बी, सी ही इंग्रजी स्वरनावं) वाजतो डाव्या तर्जनीनं एक चावी दाबून, आणि त्याच्या वरच्या बीला जवळजवळ सगळी बोटं एकदम बसवावी लागतात. एक भोक केसभर उघडं राहिलं तरी सूर फुटतो. शिवाय मागची चावी दाबली की बासरीसारखं तारसप्तक लागत नाही, सा चा थेट वरचा प होतो.

आम्ही शेवटी वाढदिवसाचं 'हॅपी बर्थडे' घेतलं. पूर्ण सप्तकाचं आहे, पण खालच्या जीवर सुरू केलं तर त्याचा सगळ्यात वरचा सूर मोकळा जी, म्हणजे एकही बोट न लावता वाजणारा; त्याच्या वर जावंच लागत नाही. (सहा बोटं आणि अंगठा लावून सुरुवात, एवढाच त्रास.)

आणखी एक राहिलं. पेटीबरोबर वाजवणार असाल तर नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटचा सी म्हणजे पेटीची काळी पाच, सप्तकातली पाचवी काळी पट्टी. पेटीचा सा पांढरी एकला असेल तर तुमचा सा डीवर धरा. आमच्याकडे गणपतीत आरतीला यावरूनच भांडण झालं, पेटीवाले काका अजून रुसलेत.