‘येऊन गेला की बरं’ म्हणणाऱ्यांसाठी

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलचक पोस्टचा कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

काल रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका तरुण आईनं फोटो टाकला. चौदा महिन्यांचं पोर, डोळे लालबुंद, नाक गळतंय आणि कानामागून, कपाळाच्या वर केसांपासून सुरू झालेलं पुरळ गालांवर उतरलेलं. खाली तिचा प्रश्न: तीन-चार दिवस ताप-खोकला आहे, आज हे दिसलं, काय असेल? पहिलं उत्तर आलं, ‘गोवर दिसतोय, घाबरू नकोस, सगळ्यांनाच येतो.’ दुसरं, ‘कडुलिंबाचा पाला उशाशी ठेव, घरात फोडणी देऊ नकोस.’ तिसरं, ‘तापाचं औषध अजिबात देऊ नकोस हं, ताप दाबला की गोवर आत जातो.’ मग मनुकांचं पाणी, मग हात जोडलेले. डॉक्टरकडे जा, असं एकानं म्हणू नये? आणि कळस म्हणजे चांगल्या आयटीतल्या नोकरीवरच्या एका बाईंनी लिहिलं, ‘लहानपणीच येऊन गेलेला बरा. माझ्या दोघांना खेळायला पाठवू का? एकदाच होऊन जाऊ दे.’ त्यावर अंगठ्यांची रांग!

खेळायला पाठवते म्हणे.

माझ्या आत्याला लहानपणी गोवर आला होता. माणदेशात, पन्नासच्या दशकात. ‘येऊन गेला.’ जाताना तिचा डावा डोळा घेऊन गेला. डोळ्यात फूल पडलं. माझ्या जन्माच्या आधीपासून तो डोळा पांढरा होता, त्यामुळे मला लहानपणी वाटायचं की आत्या अशीच असते. ती चहा ओतताना पातेल्याची कड आधी कपाच्या काठाला अलगद टेकवायची आणि मगच पातेलं कलतं करायची. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, हे मला कितीतरी वर्षांनी समजलं. तोवर आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो आणि तीही हसायची.

तर ‘सगळ्यांनाच येतो’ हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका.

आता ज्यांना खरंच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोवर म्हणजे नुसतं अंगावरचं पुरळ नव्हे. तो श्वासातून शिरणारा विषाणू आहे. शिरल्यावर दहा-बारा दिवस काही पत्ता लागत नाही. मग सर्दी, कोरडा खोकला, चढता ताप, डोळे लाल आणि उजेड सहन न होणं. पुरळाच्या दोन दिवस आधी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांपाशी, मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसतात. बघायला बॅटरी लागते आणि पोरानं तोंड उघडायला लागतं, त्यामुळे बहुतेक वेळा ते कुणी बघतच नाही. मग पुरळ, चेहऱ्यावरून छाती-पोटावर आणि शेवटी पायांवर. आणि मेख अशी की पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून ते नंतर चार दिवसांपर्यंत मूल हा आजार वाटत फिरतं. म्हणजे ज्या दिवशी आई ‘साधी सर्दी आहे’ म्हणत असते, तो दिवस सगळ्यात वाईट. रोगी खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. लस न घेतलेल्या दहा जणांना जवळून संपर्क आला तर त्यातल्या नऊ जणांना होतो. करोनाच्या वेळी आपण लिफ्टची बटणं सॅनिटायझरनं पुसत होतो आणि याला मात्र खेळायला बोलावतोय.

रविवारी आमच्या क्लबहाऊसमध्ये वाढदिवस होता. ते पोर तिथे होतं, नाक गळत होतं, मी स्वतः पाहिलंय. बंद खोली, एसी, फुगे. एक सहा महिन्यांचं बाळ होतं, एक सात महिन्यांची गरोदर मुलगी होती. आणि चौथ्या मजल्यावरचे काका, ज्यांची केमो चालू आहे, केकपुरते येऊन गेले.

त्या आईला मात्र मी काही बोलणार नाही. मी रात्रीच फोन केला तिला. रडत होती. नऊ महिन्यांची लस चुकली म्हणाली, कारण त्या दिवशी बाळाला सर्दी होती, कुणीतरी सांगितलं सर्दीत लस देत नाहीत. मग गावी गेली, मग राहूनच गेलं. अहो, साध्या सर्दीनं ही लस अडत नाही! पण हे तिला सांगणार कोण? सासूबाई तिकडे, आई आणखी तिकडे, आणि सल्ला द्यायला आमचा ग्रुप.

राग येतो तो ग्रुपचा. आणि अध्यक्षसाहेबांचा. मी लिहिलं की डॉक्टरांनी तपासून गोवर वाटला तर महापालिकेला कळवतील, रक्ताचा नमुना घेतील, आरोग्यसेविका घरोघरी येऊन विचारतील, तेव्हा दारं बंद करू नका. तर साहेबांचं उत्तर, ‘मॅडम, उगाच पालिकेला मध्ये आणू नका, सोसायटीचं नाव खराब होतं.’ नाव! पाण्याच्या टाकीत कबूतर मेलं तेव्हा नाही झालं नाव खराब.

२०२२च्या दिवाळीनंतर मुंबईत गोवंडीत गोवरानं मुलं दगावली. आठवतंय? मग भिवंडी, मालेगाव. तेव्हा याच ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं होतं ते माझ्या चांगलं लक्षात आहे. ‘त्या लोकांना कळतच नाही’, ‘त्या वस्त्याच तशा’. त्या वस्त्यांमधल्या एका खोलीत आठ माणसं राहतात, बाई दिवसभर कामावर असते, लसीच्या दिवशी सुट्टी घेतली तर रोज बुडतो. तिची लस चुकली तर ती अडाणी. आणि तीन बीएचकेत, दोन गाड्या, मुलांचा डॉक्टर चालत पाच मिनिटांवर, तरी आपली चुकली तर ती ‘नॅचरल इम्युनिटी’. शाबास.

बरं, थोडं शांत होते.

माझी आजी, म्हणजे आत्याची आई, वाईट नव्हती. हे मला नीट लिहायचंय, कारण वरचं वाचून वाटेल की मी जुन्या बायकांना नावं ठेवतेय. तिनं खोलीत अंधार केला, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी दिली नाही, कुणाला आत येऊ दिलं नाही. बाया आल्यात, त्यांना थंड ठेवायचं, दहीभाताचा नैवेद्य. आता बघा, यातलं निम्मं शहाणपणाचंच आहे. उजेडानं डोळ्यांना त्रास होतो, म्हणून अंधार. येणं-जाणं बंद, म्हणजे विलगीकरणच की. लस तेव्हा जगातच नव्हती. अमेरिकेत ती आली १९६३ साली आणि आपल्या सरकारी कार्यक्रमात १९८५ साली. आजीपाशी होतं ते सगळं तिनं केलं. पण सोबत पथ्यही आलं. तूप नाही, भाजी नाही, दूध नाही, नुसती पातळ पेज, कित्येक दिवस. आणि डोळा चिकटला तेव्हा कुणीतरी कसला तरी पाल्याचा रस पिळला.

गोवर शरीरातलं अ जीवनसत्त्व ओढून घेतो. पोर मुळात हडकुळं असेल तर बुबुळ कोरडं पडतं, त्यावर व्रण होतो, तो भरताना पांढरा डाग राहतो. आत्याचं हेच झालं असणार. आज यासाठी काय लागतं माहितेय? दोन डोस. अ जीवनसत्त्वाचे, लागोपाठ दोन दिवस, डॉक्टरांच्या हातून. वर्षावरच्या मुलाला एका वेळी २ लाख युनिट, सहा महिने ते वर्षभरापर्यंत १ लाख, त्याहून लहानाला ५० हजार. डोळ्यांवर परिणाम दिसला तर काही आठवड्यांनी तिसरा. बास. त्या पिवळ्या औषधाची किंमत इतकी क्षुल्लक आहे की आत्याचा फोटो समोर आला की मला रडूच येतं. सगळ्या फोटोंत ती डावी बाजू फिरवून उभी आहे. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा. लग्न बिजवराशी झालं, हे वेगळं सांगायला नको.

(आणि हो, म्हणून घरच्या घरी कॉड लिव्हर ऑइल पाजत बसू नका. २०२५ साली टेक्सासात साथ आली तेव्हा काही आईबापांनी तेच केलं आणि जास्त अ जीवनसत्त्वानं यकृतावर परिणाम झालेली पोरं दवाखान्यात आली. त्या साथीत तिथे दोन मुलं गेली, दोघांनाही लस दिलेली नव्हती. ज्या देशानं २००० साली गोवर हटवल्याचं जाहीर केलं होतं तो देश हा. माझा दीर डॅलसला असतो, तो म्हणतो तिकडचे डॉक्टर जुनी पुस्तकं काढून बघत होते, कारण अनेकांनी गोवर कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता.)

बाकी उपचार म्हणाल तर विषाणू मारणारं खास औषध नाही. ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, आणि त्यानं गोवर ‘आत’ जात नाही, तो आतच असतो! ॲस्पिरिन मुलांना नको. पाणी, पेज, वरण, अंगावर पीत असेल तर आईचं दूध, जेवण नेहमीचं आणि पोटभर. डोळे स्वच्छ पाण्यानं पुसा, रसबिस पिळू नका. अँटिबायोटिक गोवरावर चालत नाही, पण वरून न्यूमोनिया झाला, कान वाहायला लागला तर डॉक्टर देतात. दवाखान्यात जाण्याआधी फोन करा, म्हणजे बाहेर बसलेल्या तान्ह्या बाळांमध्ये आपलं पोर नेऊन बसवायची वेळ येणार नाही. श्वास भराभर चालू झाला, छाती आत ओढली जातेय, पोर पीत नाही, झोपेतून उठत नाही, झटका आला, तर ग्रुपवर फोटो टाकायचा नाही, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं.

न्यूमोनियावरून आणखी एक. आत्याच्या पाठचा भाऊ. त्याच घरात, त्याच साथीत, त्यालाही आला. पुरळ मावळलं, सगळ्यांना हायसं वाटलं आणि मग छाती भरली. वर्षाचाही नव्हता. आजी त्याच्याविषयी फक्त एकदा बोलली माझ्याशी, तेही भांडी घासताना, माझ्याकडे न बघता. ‘दोघं होते, एक राहिली.’ आमच्या वंशावळीच्या कागदावर त्याचं नावसुद्धा नाही.

आता कुणीतरी येईलच, ‘पण मॅडम, आम्हाला आला होता, आम्ही ठणठणीत आहोत.’ बरोबर आहे. बहुतेक मुलं बरी होतात. मान्य. कडुलिंबानं काही बिघडत नाही, हेही मान्य. लसीनंतर एखाद्याला ताप येतो, थोडं पुरळ येतं, एका डोसनंतरही काहींना गोवर होतो, म्हणून तर दुसरा डोस असतो. झालं समाधान? पण जे ‘ठणठणीत नाहीत’ ते तुमच्या पोस्टखाली कमेंट करायला कसे येणार? साधारण हजारात एकाच्या मेंदूला सूज येते. काहींच्या मेंदूत विषाणू दडून बसतो आणि सात-आठ वर्षांनी, शाळेत जाणारं हसतंखेळतं मूल अडखळायला, विसरायला लागतं; त्यावर इलाज नाही. आणि २०१९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की गोवर आधी कमावलेल्या प्रतिकारशक्तीचा बराच भाग पुसून टाकू शकतो. म्हणजे ती ‘नॅचरल इम्युनिटी’वाली मंडळी गोवर मिळवायला जातात आणि बाकीच्या रोगांची शिदोरी गमावून येतात.

‘या लसीनं ऑटिझम होतो’ हे कुणी काढू नका. तसं सुचवणारा १९९८चा लेख खोटा निघाला, २०१०मध्ये छापणाऱ्यांनीच मागे घेतला, लिहिणाऱ्याचा परवाना गेला. हे मी यापुढे टाइप करणार नाही.

वैताग याचा येतो की आपण पुण्यात राहतो. इथे हडपसरला ही लस बनते आणि जगभर जाते. आफ्रिकेतली बाई पाठीला पोर बांधून मैलोनमैल चालत जाते, पुण्यात तयार झालेली लस टोचून घ्यायला. आणि आपल्याला क्लासच्या वेळेत बसत नाही.

सरकारी दवाखान्यात ही लस फुकट आहे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. उजव्या दंडाला. ठरावीक दिवशीच देतात, कारण एकदा कुपी फोडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून ‘आम्ही गेलो तर परत पाठवलं’ असं रडू नका, दिवस विचारून जा. राहून गेली असेल तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत अजूनही मिळते. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत दिली तर पुष्कळदा आजार टळतो, म्हणून रविवारी क्लबहाऊसमध्ये होता त्यांनी आजच डॉक्टरांना फोन करायचा, उद्या नाही. गरोदर असाल किंवा केमो चालू असेल तर लस घ्यायची नाही, पण डॉक्टरांना आजच सांगायचं.

आमच्या वॉर्डातल्या दवाखान्यात गुरुवारी लसीचा दिवस असतो. मी सकाळी साडेनऊला गाडी काढणार आहे. मागे तिघी बसतील मांडीवर पोरं घेऊन. कार्ड सापडत नसेल तरी चला, तिथल्या सिस्टर चांगल्या आहेत. यायचं असेल तर मला थेट मेसेज करा, ग्रुपवर नको. आणि अध्यक्षसाहेब, तेवढ्या वेळापुरती गाडी गेटसमोर उभी राहील. त्याची नोटीस मला पाठवू नका.