‘पाणी कमी झालं की भरा’: एक तारा देणाऱ्या ग्राहकांना उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर रागात काहीतरी लिहून गेलो असतो, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात अशी: कमी बजेटमध्ये सहा फुटी रीफ टँक (घरातली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, समुद्री मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायची) करून देतो म्हणाले आणि दीड लाख घेतले. चाळीस दिवस नुसत्या पाण्याकडे बघत बसवलं. मग काचेवर तपकिरी घाण आली. 7 पैकी 5 मासे मेले आणि फोन केल्यावर तीन दिवसांनी आले. शिवाय बाहेर सर्रास मिळतं ते कोरल द्यायला नकार.

माशांचं आधी. ते आमच्या चुकीने मेले.

खाऱ्या टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ जागच्या जागी राहतं. त्यामुळे पातळी उतरली की वरून घालायचं ते आरओचं गोडं पाणी. खारं पाणी लागतं ते फक्त पाणी बदलताना. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की नव्या माणसाला सांगावं लागतं, हेच डोक्यातून जातं. टाकी ताब्यात देताना आमच्या मुलाने तुम्हाला सांगितलं, ‘पाणी कमी झालं की भरा.’ कुठलं, ते सांगितलं नाही. तुमच्या बाल्कनीत दोन निळे ड्रम, एकात खारं, एकात गोडं, दिसायला जुळे भाऊ. समुद्राची टाकी आहे म्हटल्यावर कोणीही खाऱ्या ड्रमलाच हात घालणार.

एप्रिलमधला पुण्याचा उन्हाळा, वर संपवर (मुख्य टाकीला जोडलेली छोटी टाकी) लावलेले पंखे, म्हणजे रोज साधारण 8 लिटर पाणी उडतं. तेवढंच खारं पाणी परत घातलं की रोज 280 ग्रॅम मीठ जादा. वीस दिवसांत साडेपाच किलोच्या वर. तुमच्या टाकीत संपसकट 700 लिटर पाणी आहे. क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, दर हजारी 35 हवी; मी आलो त्या दिवशी ती मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 43 दाखवत होता. क्लाउन माशांची जोडी त्यातही तगली, तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. बाकीचे पाच, क्रोमिस जातीचे, तगले नाहीत.

याहून जास्त लागलेली गोष्ट तुम्हाला माहीत नाही, ती इथेच सांगतो. पहिल्या अंदाजपत्रकात ऑटो टॉपअप होता. वेगळं काही नाही, उंचावर ठेवलेला गोड्या पाण्याचा ड्रम, बारीक नळी आणि संपमध्ये फ्लोट व्हॉल्व. पातळी उतरली की आपोआप भरतं. किंमत 1,800 रुपये. तुम्ही ‘अजून थोडं खाली आणा’ म्हणालात आणि मी तोच काढला, कारण तो काढल्याने टाकी दिसायला कुठे उणी वाटत नव्हती. तुमचे अठराशे वाचवले आणि पाच मासे घालवले. वीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाने असली काटकसर करायला नको होती.

तीन दिवस उशीर झाला तेही खरं. तुमचा फोन शनिवारी संध्याकाळी आला, मी मंगळवारी पोचलो. ‘क्षारता मोजली का?’ एवढं मी फोनवर विचारलं असतं तर एखाद-दुसरा मासा वाचला असता. विचारलं नाही.

आता बाकीचं. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

बिल 1,52,000 रुपयांचं झालं. सहा बाय दोन बाय दोनची टाकी, सगळं सामान नवं कोरं घेतलं तर याच्या दुपटीतही बसत नाही. काच 12 मिलिमीटरची, पण टाकी जुनी. एका शौकिनाची बदली झाली, त्यांच्याकडून घेतली, सगळे जोड खरवडून नव्याने सिलिकॉन भरलं आणि गोडाउनमध्ये आठ दिवस काठोकाठ भरून ठेवली. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जुना, दिवे जुने. स्टँड आमच्या नेहमीच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा. पाइप हार्डवेअरच्या दुकानातले साधे पीव्हीसी, त्यावर ‘मरीन’ लिहिलं की भाव चौपट होतो, पाण्याला फरक पडत नाही. चिलरऐवजी पंखे. पुण्याच्या कोरड्या हवेत पंख्यांनी तीनेक अंश सहज उतरतात. मुंबईत हीच युक्ती अर्धीही चालत नाही, तिथे घामच वाळत नाही तर टाकी काय गार होणार!

कुठे हात आखडला नाही, तेही सांगतो. ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) आणि अर्थिंग. खारं पाणी आणि वीज शेजारी शेजारी नांदवायची असेल तर तिथे घासाघीस नाही. दुसरं, आरओ-डीआय, म्हणजे पाण्यातले सगळे क्षार काढणारं यंत्र. तुम्ही म्हणत होता, घरात आरओ आहेच. पण स्वयंपाकघरातला आरओ चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम पाण्यात राहू देतो. तुमच्या सोसायटीला टँकरचं पाणी येतं, ते क्षार मोजायच्या टीडीएस मीटरवर 700 च्या वर होतं. आम्हाला शून्य लागतं. तिसरं, जागा. तुम्हाला टाकी हॉलच्या मधोमध, पार्टिशनसारखी हवी होती. पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड मिळून वजन टनाच्या आसपास जातं आणि ते सगळं बारा चौरस फुटांवर. घराची जमीन साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो धरून काढलेली असते. म्हणून हट्टाने भिंतीला, बीमवर लावली. वहिनींना ती जागा अजूनही आवडलेली नाही, कल्पना आहे.

चाळीस दिवसांची रिकामी टाकी रिकामी नव्हती. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी सोसतं. ही मंडळी दगडात आणि वाळूत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे घेतात. बाटलीतले जिवाणू घालून थोडी घाई करता येते, पण आंबोळीचं पीठ जसं आपल्या वेळेनेच फुगतं तसंच हे. दुसऱ्याच दिवशी मासे विकणारे दुकानदार आहेत. त्यांचा धंदा आमच्यापेक्षा चांगला चालतो, कारण तेच गिऱ्हाईक महिन्यात पुन्हा मासे न्यायला येतं.

तपकिरी थर म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत येतो, सिलिकेट संपलं की जातो. त्यानंतर हिरवं केसाळ शेवाळ येईल, तेव्हाही घाबरू नका. गोगलगायी सोडू, त्या खातील.

आता कोरल. तुम्ही मोबाइलवर जे फोटो दाखवले, ते दगडी प्रवाळ होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी प्रवाळ 2001 पासून पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. सागरी पंखा आणि समुद्रघोडाही तिथेच. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. बाहेर सर्रास मिळतं हे खरं असेल, गुटखाही मिळतो. तुमचे मेहुणे मालवणहून दगड आणून देणार होते, म्हणजे टाकीत लावायच्या दगडाचे बारा हजार वाचले असते, त्यालाही मी नको म्हटलं ते याचसाठी. मेलेल्या प्रवाळाचा दगडही कायद्यात बसतो, आणि मालवणचा समुद्र तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे पाण्याखाली बघा, डोळे भरून बघा, खिशात घालू नका. तुमच्या टाकीत आम्ही भाजलेल्या मातीचा सच्छिद्र दगड लावलाय. सहा महिन्यांत त्याच्यावर जांभळी पुटं चढली की कोणाला ओळखू येणार नाही.

आम्ही देतो ते कोरलचे मऊ प्रकार: झोअँथिड, मशरूम, लेदर. शौकिनांच्या टाक्यांत वाढलेल्या तुकड्यांपासून केलेले. नवशिक्याला तेच बरे. कॅल्शियमचे डोस, चुन्याची निवळी असले सोपस्कार त्यांना लागत नाहीत, वेळेवर पाणी बदललं की भागतं. तुमचे झोअँथिड मिटलेत, मेलेले नाहीत. क्लाउनही आम्ही पैदाशीचेच देतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास जमवून कित्येक वर्षं झाली, मग समुद्रातून कशाला ओढायचे?

एका मुद्द्यावर तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहायला हवं होतं. बजेट म्हणून मी उभारणीचा आकडा सांगितला, महिन्याचा सांगितला नाही. आठवड्याला 70 लिटर पाणी बदलायचं तर महिन्याला 10 किलो मीठ, आमच्या भावाने 3,400 रुपये. वीज 150 युनिटच्या आसपास. हा आकडा पहिल्या दिवशी कागदावर द्यायला हवा होता. आता देतो, सगळ्यांनाच.

पूर्ण पैसे परत मागितलेत, ते देणार नाही. सामान तुमच्याकडे आहे आणि चालू आहे. ऑटो टॉपअप आमच्या खर्चाने बसवून देतो. ड्रमवर हाताएवढ्या अक्षरांत ‘खारं’ आणि ‘गोडं’ रंगवून आणलंय, नवे ड्रम दुकानात तयार आहेत. पाच मासे आमच्याकडून. ते सध्या क्वारंटाइनच्या टाकीत आहेत, तांब्याचं औषध चालू आहे, आणखी दहा दिवस तरी हलवणार नाही. त्या टाकीचं पाणी तुमच्याकडे येऊ देणार नाही, तांबं कोरलला चालत नाही.

तोवर रोज सोळा लिटर खारं पाणी काढायचं आणि तेवढंच गोडं घालायचं (वाफेने उडालेलं गोड्यानेच भरायचं ते वेगळं), एवढं चालू ठेवा. एका दिवसात सगळं उतरवायची घाई नको, झोअँथिडना झटका बसेल. मंगळवारपासून तुम्ही हे करताय असं आमचा मुलगा म्हणाला, म्हणजे आज आकडा 39 च्या आसपास असायला हवा. रिफ्रॅक्टोमीटर तुमच्याकडेच ठेवून आलोय. काय दाखवतोय ते रात्री कळवा, दहा वाजून गेले तरी फोन करा.