परसात पेव्हर ब्लॉक? नको रे बाबा!

काल सुट्टी होती. सांगलीत मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडायची कुणाची छाती आहे? मागच्या दाराच्या उंबऱ्यात चहा घेऊन बसलो. मोबाईल ३९ अंश दाखवत होता.

दीड वाजता सगळं चिडीचूप. तांबट पक्ष्याचं टुक टुक तेवढं चालू, त्याला उन्हाचं सोयरसुतक नसतंच. शेवग्यावर एक कावळा आ वासून बसलेला. पक्ष्यांना घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड ठेवतात बिचारे. आम्ही मातीच्या परळात पाणी ठेवतो. तासाभरात तिथे आले दोन बुलबुल आणि एक खार. आणि आंब्याखालच्या पाचोळ्यात? सातभाईंची अख्खी टोळी! नावाला सात, मी मोजले तर नऊ. चोचीनं पान उचकटायचं, बाजूला भिरकावायचं, खाली किडा दिसला की गट्टम. मध्येच कलकलाट करून भांडण, लगेच परत गळ्यात गळे. ते उडाल्यावर पाचोळ्याखाली हात घातला, एवढ्या उन्हातही माती गार.

आता मुद्द्याचं बोलतो. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांनी परसात पेव्हर ब्लॉक टाकलेत. कचरा नको, चिखल नको. वर भिंतीला प्लास्टिकचा वाडगा टांगून 'चिमण्यांसाठी पाणी ठेवा' म्हणून फोटो! पाणी ठेवाच हो, पण त्यांनी खायचं काय? चिमणी स्वतः दाणे टिपत असली तरी पिल्लांना भरवते किडे आणि अळ्याच. त्या काय ब्लॉकमध्ये उगवणार?

साडेचारला आभाळ भरून आलं. आधी धुळीचा लोट, मग पत्र्यावर ताडताड. वीस मिनिटांचा वळीव, पण दहा-बारा कैऱ्या पाडून गेला. (आईची लोणच्याची सोय झाली.) शेजारचं पाणी ब्लॉकवरून थेट गटारात, आमच्याकडे आंब्याखालच्या मातीनं ते पिऊन टाकलं.

दिवेलागणीला भिंतीच्या कडेनं पंखवाल्या वाळव्यांचे थवे निघाले. तारेवरचा कोतवाल हवेतच त्यांचा फडशा पाडत होता. दिव्याखाली पाली जमल्या, पायरीवर एक गलेलठ्ठ बेडूक येऊन बसला आणि जीभ चालवू लागला.

बायको म्हणाली, "कौतुक पुरे. ही वाळवी उद्या दाराची चौकट खाईल."

तिचंही खरंच आहे. चौकटीला औषध मारू म्हटलं. ब्लॉकवाल्याला मात्र फोन केलेला नाही.