माळीण: नुसता जेसीबीला दोष देऊन भागणार नाही

सप्रेम नमस्कार. पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव २०१४ मध्ये दरडीखाली गाडलं गेलं, त्याबद्दल लिहिताना मी पावसावर भर दिला होता. 'माळीण पावसाने नाही, पडकईच्या जेसीबीने गाडली. पाऊस पुढे करून तुम्ही सरकारी खात्याला वाचवताय,' हा तुमचा आक्षेप वाचला. खात्याला वाचवायचं मला काहीच कारण नाही. यंत्राबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्यही आहे. पण कारणमीमांसा तिथेच संपवणं मला धोक्याचं वाटतं.

पडकई म्हणजे उतारावर भातखाचरं काढणं. हे काम हातांनी, एकमेकांच्या मदतीने होई तेव्हा माती थोडी थोडी खाली ओढली जाई, कडेला दगडी बांध रचला जाई आणि जादा पाणी निघायला वाट ठेवली जाई. यंत्र खोल कापतं. मोकळी माती उताराच्या कडेला लोटली जाते, ती दबलेली नसते, आणि तिच्याखाली एखादा ओहोळ बुजला तर वरचं पाणी तिथेच अडून मुरतं.

खरा घात इथे होतो. वर माती आणि मुरूम, खाली कठीण काळा पाषाण. मुरलेलं पाणी पाषाणात सहजी शिरत नाही, सांध्यावर साचतं. वरचा थर जड होतो, त्याची पकड सुटते आणि सगळाच घसरतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी त्याखाली १५१ माणसं गेली.

आता रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी बघा. गाडीरस्ताच नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळल्यावर यंत्रं वर नेता येईनात, माती कुदळ-फावड्याने उपसावी लागली. जिथे जेसीबी चढूच शकत नव्हता, तिथलाही डोंगर खाली आला. 'आमच्याकडे यंत्र आलं नाही' म्हणून कोणत्याही वाडीने निर्धास्त राहू नये, एवढ्यासाठी मी पावसावर भर दिला.

वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी भेग, कललेले खांब, झरा एकाएकी गढूळ होणं किंवा ऐन पावसात आटणं, चौकटीत अडकू लागलेली दारं: यातलं काहीही दिसलं तर आधी माणसं हलवावीत, तीही उजेड असताना. भेग चिकणमातीने बुजवणं, तिच्या वर चर खणून पाणी बाजूच्या ओहोळात काढणं, ही कामं पाऊस उघडल्यावर.

पुनर्वसनाबद्दलचा तुमचा राग मात्र रास्त आहे. माळीणच्या लोकांना आमडे इथे एप्रिल २०१७ मध्ये नवी घरं दिली आणि त्याच जूनच्या पावसात वसाहतीतले रस्ते खचले. तिथेही जाब विचारायचा तो याचाच: भराव किती थरांत दाबला, आणि पाणी बाहेर कुठून काढलं?